पोटाचा घेर ९८ सेंटिमीटर: एका बायपासचं प्रकरण

वय ५४, पुरुष, बार्शीच्या बाजारात अडत्या. उंची १६७ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २४.४. दहा वर्षांपासून मधुमेह, सहा वर्षांपासून रक्तदाब. तंबाखू-चुना दिवसातून सात-आठ वेळा. दोन महिन्यांपासून जिना चढताना छातीवर दाब येतो आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातो. अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांमध्ये अडथळे निघाले. हृदयाची पंपिंग क्षमता ५० टक्के. पुण्यात बायपास करायचं ठरलं.

हृदयशस्त्रक्रियेच्या भूलतज्ज्ञाला वारंवार भेटणाऱ्या पेशंटांवरून हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलं आहे. हा पेशंट म्हणजे कुणी एक व्यक्ती नाही. संशोधनाचे दाखले आणि त्यातले आकडे मात्र प्रसिद्ध झालेले आहेत.

फाइलच्या पहिल्या पानावर ‘वजन: नॉर्मल’ असं लिहिलेलं होतं. पुढे आठ दिवसांत तीन अडचणी आल्या: पहिल्या रात्री न आवरणारी शुगर, दुसऱ्या दिवशी बिघडलेली हृदयाची लय आणि सहाव्या दिवशी पायाच्या जखमेतून पाणी. मधुमेहतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी त्यावर तीन वेगळ्या नोंदी केल्या, आणि प्रत्येक नोंद आपापल्या जागी बरोबरच होती. तरी माझ्या मते या तिन्ही अडचणींचं मूळ बऱ्याच अंशी एकच होतं आणि ते ऑपरेशनच्या आधी साध्या टेपने मोजता येत होतं.

ऑपरेशनच्या आधी

भूलपूर्व तपासणीत मी शर्ट वर करायला सांगून कंबर मोजते. बरगडीची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडल्यावर आकडा घ्यायचा. पँटचा नंबर विचारून चालत नाही, कारण पँट पोटाच्या खाली बांधलेली असते. इथे घेर भरला ९८ सेंटिमीटर. हात-पाय काटकुळे, गालफडं बसलेली, आणि सदऱ्याआड टणक, पुढे आलेलं पोट.

बायकोला ते पटेना. “डॉक्टर, ह्यांच्या अंगात कसली आलीय चरबी? सदरा नुसता लोंबतो.”

उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड २१२, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ३४, रक्तदाब गोळी घेऊनही १४६/९०, गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी ८.१. पोटावरची चरबी, शुगर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी यांचे बिघाड एकत्र येतात त्याला मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तो ठरवायला २००९ पासून जगभर सर्वसाधारणपणे पाच निकष वापरतात. दक्षिण आशियाई पुरुषासाठी कंबर ९० सेंटिमीटर किंवा जास्त (बाईसाठी ८०), ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषात ४० पेक्षा आणि बाईत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी शुगर १०० किंवा जास्त. पाचपैकी तीन असले तरी निदान होतं. यांच्यात पाचही होते.

ही शरीरयष्टी पुण्याला नवी नाही. इथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. त्याच गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी, उंचीने, पोटातल्या अवयवांनी लहान भरली, पण पाठीवरच्या चरबीची घडी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारा आणि आतून चरबी बाळगणारा माणूस आपल्याकडे जन्मापासून घडतो, हे या अभ्यासातून पुढे आलं. बार्शीच्या या गृहस्थांचा बीएमआय पाहून कुणी निर्धास्त झालं असेल, तर आकडाच चुकीचा पाहिला गेला.

पेशंटला मी हे त्यांच्याच धंद्यातून सांगितलं. कातडीखालची चरबी हे शरीराचं गोदाम. काहींचं गोदाम मोठं असतं, कितीही पोती आली तरी मावतात. आपल्याकडे अनेकांचं गोदाम लहान, ते लवकर भरतं आणि मग पोती वाटेत, ओट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे लागतात. शरीरात त्या जागा म्हणजे यकृत, स्नायू, आतड्यांभोवतीचा पडदा आणि हृदयाचा पृष्ठभाग. ते लगेच म्हणाले, “म्हणजे माल जास्त नाही, ठेवलाय चुकीच्या जागी.” यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

स्टेंट की बायपास हा प्रश्न घरच्यांनी विचारला होता. मधुमेह आणि एकाहून जास्त वाहिन्यांत अडथळे असतील तर उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रीडम चाचणीत अशा १९०० पेशंटांपैकी पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही झालं ते स्टेंटच्या गटात २६.६ टक्के लोकांना आणि बायपासच्या गटात १८.७ टक्के लोकांना. पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त होते, ५.२ विरुद्ध २.४ टक्के. हेही त्यांना सांगितलं.

दुखणं स्थिर होतं, म्हणून दोन आठवडे तयारीसाठी घेतले. दोन आठवड्यांत एचबीएवनसी हलत नाही, पोटातली चरबीही हलत नाही. त्यामुळे या वेळात काही ‘सुधारणा’ होईल असं कुणाला सांगू नये. रोजची शुगर मात्र आटोक्यात येते, तंबाखू सुटते आणि फुप्फुसांचा व्यायाम अंगवळणी पडतो. रात्रीचं इन्शुलिन सुरू केलं. मधुमेहाच्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर डापाग्लिफ्लोझिन होतं. ते ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करावं लागतं. हे औषध चालू असताना उपास आणि शस्त्रक्रियेचा ताण एकत्र आले, तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन आम्ल साचू शकतं. ते लवकर लक्षात येत नाही, कारण ग्लुकोमीटर सगळं ठीक दाखवतो. ही गोळी आता जेनेरिक आणि स्वस्त झाली आहे, गावोगावी लिहिली जाते, आणि पेशंट तिला नुसती ‘शुगरची गोळी’ म्हणतात. पाकीट हातात घेऊन नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

छाती उघडल्यावर

हृदयाभोवतीचं आवरण कापून बाजूला केलं, तेव्हा उजव्या कप्प्याचा लाल स्नायू जेमतेम दिसत होता. वर लोण्यासारखी पिवळी चरबी होती. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या खाचेत ती सर्वांत जाड होती आणि तिथून हृदयाच्या टोकाकडे पसरली होती. डाव्या बाजूची पुढची मुख्य रक्तवाहिनी तिच्यात पूर्ण बुडालेली. सर्जनला ती बोटाने चाचपून, वरची चरबी थराथराने उकलून शोधावी लागली. ६८ किलोच्या माणसाचं हे हृदय आहे असं बाहेरून आलेल्या कुणाला वाटलं नसतं.

या चरबीची खासियत अशी, की ती आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये कसलाही पडदा नसतो. दोघांना रक्तपुरवठाही एकाच सूक्ष्म जाळ्यातून होतो. तिथे जे तयार होतं ते थेट स्नायूत झिरपतं. २००३ साली बायपासच्याच पेशंटांकडून ही चरबी आणि पायाच्या कातडीखालची चरबी घेऊन तुलना झाली. इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखी दाह वाढवणारी रसायनं हृदयावरच्या चरबीत कितीतरी जास्त सापडली. दाहाला आवर घालणारं अ‍ॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक मात्र हृदयविकाराच्या पेशंटांच्या या चरबीत कमी बनतं, हेही पुढे दिसलं.

चरबी ही ग्रंथीसारखी काम करते हे कळायला विसाव्या शतकाचं शेवटचं दशक उजाडावं लागलं. १९९३ साली अमेरिकेत लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा सापडलं. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचं, म्हणजे चरबीतून निघून भूक आवरणाऱ्या संप्रेरकाचं, जनुक शोधलं. पाठोपाठ १९९५-९६ मध्ये अमेरिका आणि जपानमधल्या गटांनी स्वतंत्रपणे अ‍ॅडिपोनेक्टिन शोधलं. २००१ मध्ये रेझिस्टिन हे आणखी एक संप्रेरक आलं. उंदरात ते चरबीच्या पेशीतून येतं, माणसात मुख्यतः दाहाच्या पेशींमधून. अ‍ॅडिपोनेक्टिनबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इतर संप्रेरकांच्या मानाने ते रक्तात भरपूर असतं. आणि चरबी वाढली, विशेषतः पोटातली, की लेप्टिनसारखं वाढण्याऐवजी ते कमी होतं. दक्षिण आशियाई लोकांत ते गोऱ्या युरोपीयांपेक्षा मुळातच कमी आढळतं.

म्हणून सगळी चरबी वाईट असं मात्र नाही, आणि हे ऑपरेशनच्या टेबलावरच दिसतं. पायातली शीर ग्राफ्टसाठी, म्हणजे अडथळ्याला वळसा देणारी नवी वाट म्हणून, काढताना एरवी तिच्याभोवतीची चरबी साफ करतात. स्वीडनमधल्या ओरेब्रो इथले सर्जन डोमिंगोस सूझा यांनी नव्वदच्या दशकात ती शीर तिच्या चरबीच्या वेष्टनासकट, ताणून न फुगवता काढायची पद्धत रूढ केली. त्या वेष्टनातून नायट्रिक ऑक्साइड आणि अ‍ॅडिपोनेक्टिनसारखी शिरेला जपणारी द्रव्यं मिळतात, असं त्यामागचं एक स्पष्टीकरण आहे. ओरेब्रोच्या गटाला आणि चीनमधल्या एका मोठ्या चाचणीत अशा शिरा जास्त उघड्या राहिलेल्या दिसल्या. नंतरच्या स्वीडिश चाचणीत तो फायदा दिसला नाही. पायाच्या जखमेचा त्रास या पद्धतीत वाढतो, याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

आमच्या सर्जनने या पेशंटमध्ये ती पद्धत टाळली. मधुमेह, तंबाखू, पायावर थोडी सूज, अशा पायाला मोठी जखम परवडणारी नव्हती. छातीच्या आतल्या दोन्ही धमन्या वापरायचा मोहही त्याच कारणाने आवरला. दोन्ही काढल्या तर छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो आणि मधुमेहात हाडापर्यंतचा जंतुसंसर्ग व्हायचा धोका वाढतो. डावी धमनी आणि शिरेचे दोन ग्राफ्ट, धडधडत्या हृदयावर, हृदय-फुप्फुस यंत्राशिवाय. मला हा निर्णय पूर्ण पटला.

पहिली रात्र

आयसीयूत आल्यावर दोन तासांनी शुगर २६८. पन्नास मिलिलिटर सलाइनमध्ये पन्नास युनिट साधं इन्शुलिन, म्हणजे एका मिलिलिटरला एक युनिट, असा पंप लावला. या वजनाच्या पेशंटला बहुतेक वेळा ताशी दोन-तीन युनिटांत भागतं. इथे पहाटे तीनला ताशी नऊ युनिट चालू होती आणि शुगर १९४ होती. रक्तातलं आम्ल, लॅक्टेट आणि कीटोन पुन्हा पाहिले. कीटोन वाढलेले नव्हते, गोळी वेळेवर बंद केल्याचा उपयोग झाला. दर तासाला बोटातून रक्त, दर दोन तासांनी पोटॅशियम, कारण इन्शुलिन पोटॅशियमला पेशीत ओढतं आणि ते घसरलं की हृदयाची लय बिघडायला निमित्त मिळतं.

बाहेर बसलेल्या मुलाचा प्रश्न रास्त होता: “बाबांना तर कालपासून खायला काहीच दिलं नाही, मग शुगर वाढली कशी?”

ती साखर यकृताने बनवलेली असते. छाती उघडण्याचा ताण आला की शरीर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन सोडतं, दाहाची रसायनं वाढतात, आणि ही सगळी मिळून यकृताला साखर सोडायला लावतात. इतकं कुणालाही होतं. मेटॅबॉलिक सिंड्रोममध्ये फरक असा, की ताण येण्याआधीच यकृत आणि स्नायू इन्शुलिनचं ऐकेनासे झालेले असतात. आतड्यांभोवतीच्या चरबीतून निघालेली मेदाम्लं बरीचशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतूनच जातात. एरवी अ‍ॅडिपोनेक्टिन यकृताला आणि स्नायूला इन्शुलिनचं ऐकायला लावतं, मेदाम्लं जाळायला लावतं. तेच कमी असेल, तर शस्त्रक्रियेच्या रात्री नेहमीचा डोस अपुरा पडणारच. ताशी नऊ युनिटं हा माझ्या दृष्टीने कंबरेच्या ९८ सेंटिमीटरचाच दुसरा आकडा होता.

शुगर किती खाली आणायची यावर एके काळी फार आग्रह होता. २००१ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या अभ्यासात ८० ते ११० मध्ये ठेवल्याने आयसीयूतले मृत्यू घटले, आणि जगभर तेच सुरू झालं. मग २००९ मध्ये नाइस-शुगर चाचणी आली, सहा हजारांहून जास्त पेशंटांची. त्यात कडक नियंत्रणाच्या गटात २७.५ टक्के मृत्यू, सैल नियंत्रणाच्या गटात २४.९ टक्के. तेव्हापासून १४० ते १८० हे लक्ष्य बहुतेक ठिकाणी पाळलं जातं. रात्री नऊ युनिट पाहून घाबरून बारा करायची नाही, आणि सकाळी कॉर्टिसॉल उतरायला लागलं की पंप मागे घ्यायला विसरायचं नाही. सकाळी अकरापर्यंत शुगर १५८, पंप ताशी चार युनिट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी

खुर्चीत बसून चहा घेत असताना मॉनिटरवर नाडी एकदम १३८ झाली, ठोके अनियमित. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे लय सोडून थरथरणं. बायपासनंतर हे चौघांत एकाला, काही ठिकाणी तिघांत एकालाही होतं आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच होतं. रक्तदाब टिकून होता. पोटॅशियम ३.६ होतं ते वर आणलं, मॅग्नेशियम दिलं, लय सुधारणारं अमियोडारोन सुरू केलं, ठोक्यांचा वेग आवरणारा बीटा ब्लॉकर चालूच ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी लय पूर्ववत झाली.

उपचार नेहमीचेच होते. मला महत्त्व वाटतं ते हे कुणाला होतं याचं. वय हे सर्वांत मोठं कारण, आणि आमचे पेशंट ५४ वर्षांचे, म्हणजे त्या मानाने तरुण. पण वरच्या कप्प्यांना चिकटून असलेली तीच पिवळी चरबी इथे हजर होती. २०१५ साली पॅरिसच्या गटाने दाखवलं, की माणसाच्या हृदयावरच्या चरबीतून निघणारी द्रव्यं, त्यातही अ‍ॅक्टिव्हिन-ए, प्रयोगशाळेत वरच्या कप्प्याच्या स्नायूत तंतू वाढवतात. तंतूंनी स्नायू तुटक झाला की विजेचा प्रवाह सरळ जात नाही, वाट बदलत फिरतो. त्यावर शस्त्रक्रियेचा दाह आला की ठिणगी पडायला वेळ लागत नाही. सीटी स्कॅनवर ही चरबी जास्त असणाऱ्यांना बायपासनंतर फिब्रिलेशन जास्त होतं, असंही काही अभ्यासांत दिसलं आहे.

कॅनडातल्या क्युबेकचा २००७ सालचा एक अभ्यास इथे सांगायलाच हवा. फक्त बायपास झालेल्या ५,३०४ पेशंटांपैकी ४६ टक्क्यांना मेटॅबॉलिक सिंड्रोम होता. त्यांच्यात शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यू २.४ टक्के, इतरांमध्ये ०.९ टक्के. जाड पेशंट बायपासनंतर उलट बरे तरतात असं अधूनमधून छापून येतं. बीएमआयने पाहिलं तर काही आकडेवारीत तसं दिसतंही. पण बीएमआय स्नायू, कातडीखालची चरबी आणि पोटातली चरबी एकाच तराजूत घालतं. त्यावरून ‘थोडी चरबी चांगलीच’ असा निष्कर्ष आपल्या लोकांसाठी काढणं मला धोक्याचं वाटतं.

संप्रेरकं मोजली का?

नाही. मुलाने मोबाइलवर वाचून अ‍ॅडिपोनेक्टिनची तपासणी करायची का असं विचारलं होतं आणि काही प्रयोगशाळा ती करूनही देतात. मी नको म्हटलं.

लेप्टिन दिवसभर बदलतं, मध्यरात्रीच्या सुमारास चढतं आणि उपासाने झपाट्याने उतरतं. ऑपरेशनसाठी उपाशी असलेल्या, सलाइनने रक्त पातळ झालेल्या माणसात त्याचा आकडा कशाचा धरायचा? बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे तुलनाही जपून करावी लागते. अ‍ॅडिपोनेक्टिनचं कोडं आणखी मोठं आहे. निरोगी माणसात जास्त अ‍ॅडिपोनेक्टिन चांगलं. पण २००५ साली डेन्मार्कमध्ये हृदय निकामी होत चाललेल्या पेशंटांत पाहिलं, तर ज्यांचं अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त त्यांच्यातच मृत्यू जास्त. ताणलेलं हृदय जी रसायनं सोडतं ती चरबीला अ‍ॅडिपोनेक्टिन सोडायला लावतात, आणि आजाराने अंग झिजलं तरी ते वाढतं. तेव्हा हृदयाच्या पेशंटमध्ये आकडा जास्त आला तर आनंद मानायचा की काळजी करायची, हे तो आकडा सांगत नाही. संशोधनात ही तपासणी मोलाची आहे. पलंगाशी उभं राहून निर्णय घ्यायला टेप, ट्रायग्लिसराइड आणि एचबीएवनसी पुरतात, आणि पहिलं साधन तर फुकटच आहे.

पायाची जखम

सहाव्या दिवशी गुडघ्याखालच्या टाक्यांमधून फिकट पिवळं पाणी, एका जागी कड सेंटिमीटरभर काळपट. ताप नाही, पू नाही, कल्चरमध्ये काही वाढलं नाही. दोन टाके काढून रोज ड्रेसिंग, पाय उशीवर. पाच आठवड्यांत जखम भरली. छातीची जखम पहिल्यापासून कोरडी होती.

इथे लेप्टिनची दुसरी बाजू दिसते. ज्या उंदरांत लेप्टिन बनतच नाही, त्यांच्या जखमा फार सावकाश भरतात आणि लेप्टिन दिलं की वेग वाढतो. म्हणजे जखम भरायला ते हवंच असतं. लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. त्याच वेळी ते प्लेटलेट चिकट करतं, रक्तदाब वाढवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, असं दिसून आलं आहे. त्याला नुसतं खलनायक ठरवून काही हाती लागत नाही. जन्मतः लेप्टिन नसलेल्या मोजक्या मुलांत ते औषध म्हणून अप्रतिम चाललं, आणि नेहमीच्या लठ्ठपणात जवळपास निरुपयोगी ठरलं.

आठव्या दिवशी पेशंट घरी गेले.

घरी

दोन आठवड्यांनी दाखवायला आले तेव्हा शुगर पुन्हा २४० च्या घरात. विचारपूस केल्यावर कळलं, मोठ्या बहिणीने डिंकाचे लाडू पाठवलेत. सकाळी एक, संध्याकाळी एक. शिवाय भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणि केळी घेऊन येत होता. “छाती फाडलीय माणसाची, ताकद नको का यायला?” हे बहिणीचं म्हणणं बायकोने आम्हाला ऐकवलं.

बहिणीला ताकदीची काळजी वाटत होती आणि ती खोटी नव्हती. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्या काळात प्रथिनं कमी पडली तर स्नायू झिजतो. आमच्या आहारतज्ज्ञाने म्हणून लाडू बंद करा एवढंच सांगून सोडलं नाही. वजनाच्या हिशेबाने दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवी होती. घर माळकरी, अंडं-मांस नाही. मूत्रपिंडाच्या तपासण्या चांगल्या होत्या. मग दोन वेळा घट्ट वरण किंवा मोडाची मटकी, एकदा पिठलं, वाटीभर घट्ट दही, पनीर, आणि गरजेपुरती प्रथिनांची पावडर. ज्वारीची भाकरी दोन वेळा एकेक, शेंगदाण्याची चटणी चालेल पण तेल ओतून नाही. बहिणीला फोनवर सांगितलं, की लाडवाच्या जागी पनीर पाठवा. तिने पाठवलं.

चालणं पहिल्या आठवड्यापासूनच होतं. सहा आठवड्यांनी देखरेखीखाली सायकल, हाड पक्कं जुळल्याची खात्री झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या महिन्यानंतर, हलक्या वजनांचा व्यायाम. व्यायामाने पोटातली चरबी कमी होते, काट्यावर फार फरक दिसला नाही तरी होते. हे पेशंटला आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर महिनाभर चालून वजन तेवढंच राहिलं की माणूस नाउमेद होतो. जेवण नीट सुरू झाल्यावर आणि पायाची जखम भरल्यावर डापाग्लिफ्लोझिन परत सुरू केलं.

अ‍ॅडिपोनेक्टिन ठळकपणे वाढवणारं औषध आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे, पायोग्लिटाझोन. ते या पेशंटला दिलं नाही. त्याने अंगात पाणी साठतं आणि हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. पाय आधीच सुजलेला, पंपिंग ५० टक्के. कागदावर संप्रेरक सुधारेल, पण पेशंट सुधारेलच असं नाही.

तीन महिन्यांनी वजन ६६ किलो, कंबर ९२, ट्रायग्लिसराइड १५८, एचबीएवनसी ६.९, तंबाखू बंद. वजनात दोन किलो आणि घेरात सहा सेंटिमीटर, म्हणजे गेलं ते बहुतांशी पोटातून गेलं असं मी समजते.

मग प्रश्न आला आठवड्यातून एकदा घ्यायच्या, भूक आणि वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनचा. त्याच्या २०२३ सालच्या सिलेक्ट चाचणीत १७,६०४ हृदयरोगी होते आणि हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. पण त्या चाचणीत बीएमआय किमान २७ असलेल्यांनाच आणि मधुमेह नसलेल्यांनाच प्रवेश होता. आमचे पेशंट दोन्ही कारणांनी बाहेर पडले असते. मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्यांसाठी या गटातल्या औषधांचे स्वतंत्र पुरावे आहेत, ते बीएमआयवर अवलंबून नाहीत, आणि त्या आधारावर ते यांना देता येतं. मधुमेहतज्ज्ञांना ते लगेच सुरू करायचं होतं. मी थोडं थांबायला सुचवलं. भूक नुकती परतली होती, प्रथिनं जेमतेम पुरी होत होती आणि हात-पाय आधीच बारीक असलेल्या माणसात भूक मारली तर चरबीबरोबर स्नायूही जातो. खर्चाचाही विचार होता, हंगाम संपल्यावरच घरात पैसा खेळतो.

ठरलं ते असं: आणखी सहा आठवडे वजनांचा व्यायाम आणि ८० ग्रॅम प्रथिनं, त्यानंतर आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरुवात. दर भेटीला काट्याबरोबर कंबरेचा घेर, हाताच्या पकडीची ताकद आणि खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला लागणारे सेकंद नोंदवायचे. पकड कमी झाली किंवा सेकंद वाढले, तर कंबर कितीही उतरली असली तरी डोस वाढवायचा नाही. २८ वर्षांचा मुलगा सोबत आला होता. त्याची कंबर ९४ भरली, उपाशीपोटी शुगर १०८. त्याच्या नावाने वेगळा केस पेपर काढला.